उरलेल्या दोन माळा

लोकांची तक्रार असते की जपाला बसलं की मन लागत नाही. माझी अडचण उलटी होती. माझं मन फार लागायचं, आणि त्याचा मला इतका अभिमान होता की तो अभिमान आहे हेही मला कळत नव्हतं. एकवीस वर्षं मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. वह्या तपासायला बसले की शेजारच्या खोलीत भांडण झालं तरी ते मला दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितल्यावर कळायचं. आमच्या मुख्याध्यापिका नव्या शिक्षिकांना सांगायच्या, बाईंची एकाग्रता बघा. मी मान खाली घालून पुस्तकात बघायचे, पण तेवढं वाक्य मात्र मला बरोबर ऐकू यायचं. पुढे रामनामाकडे वळले तेव्हा वाटलं, आपल्याला हे जड जाणार नाही. बाकीच्यांना ज्या पायरीवर दम लागतो, ती आपण घरूनच चढून आलो आहोत.

आमच्या सदाशिव पेठेतच, मागच्या गल्लीत, अण्णा म्हणून एक निवृत्त संस्कृतचे प्राध्यापक राहायचे. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमायचो. अण्णा थोडं वाचायचे, थोडं बोलायचे, आणि बराच वेळ गप्प बसायचे. एकदा बोलता बोलता ते म्हणाले की एकाग्रता वेगळी आणि ध्यान वेगळं, पहिली आली म्हणजे दुसरं आलं असं समजू नका. ते मला लागलं. माझ्याकडे बघून म्हणाले असंही वाटलं. मी म्हटलं, अहो, मग फरक काय तो सांगा तरी. अण्णा जात्याच तिरकस. म्हणाले, "सांगून कळण्यासारखं असतं तर मी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं असतं. इतक्या लांब यायचे कष्ट कशाला दिले असते?" इतक्या लांब म्हणजे आमच्या दारापासून शंभर पावलं. सगळे हसले. मी घरी येऊन ह्यांच्यापाशी कुरकुर केली, की या विद्वान माणसांना शब्दांचा कीस काढल्याशिवाय चैनच पडत नाही. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "मग पुढच्या गुरुवारी खोबरं घेऊन जा," म्हणाले.

असं बोलायचे आमचे हे. सरकारी कचेरीत सगळी नोकरी गेली, पण बोलणं कधी कचेरीतलं झालं नाही. देवाधर्माच्या वाटेला जायचे नाहीत, मला कधी अडवायचेही नाहीत. संध्याकाळी कोपऱ्यावर उभे राहिले की चार माणसं भोवती जमायची, आणि ती हसत हसत घरी जायची. म्हणून तर जे झालं ते मला सोसवेना. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी दाढी करताना हातातला ब्रश पडला, तो उचलायला हे वाकले, ते तसेच खाली बसले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. महिनाभर दवाखाना झाला आणि मग घरी आणलं.

वाचा अगदी सगळी गेली नव्हती. एक शब्द राहिला होता. बरं. भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, मी समोर बसून रडले तरी बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादाच शब्द मागे राहतो आणि माणूस काहीही सांगायला गेला की तोच बाहेर येतो. कळतं त्यांना सगळं. बोलणं येईलही, नाही येणारही. मी गणिताची बाई. येईलही आणि नाहीही, असलं उत्तर मी मुलींच्या वहीत कधी चालवून घेतलं नव्हतं. नोकरी मी दोन वर्षांपूर्वीच सोडली होती, मुलगी लग्न होऊन नागपूरला होती, घरात आम्ही दोघंच. मी रामापुढे हात जोडले आणि संकल्प सोडला. चाळीस दिवस, रोज चाळीस माळा, एका बैठकीत. मधे उठायचं नाही. उठले तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. एवढं करीन, पण ह्यांचं बोलणं परत दे.

हे नियम मला कुणी घालून दिले नव्हते, माझे मीच केले होते. पहिल्यांदा चौथ्या दिवशी मोडले, सिलिंडरवाला दार ठोठावत बसला म्हणून. दुसऱ्यांदा नवव्या दिवशी. ह्यांच्या उशाशी तुळशीबागेतून आणलेली एक छोटी पितळी घंटा ठेवली होती. काही लागलं की डाव्या हाताने वाजवायचे. त्या दिवशी तिसाव्या माळेला ती वाजली. त्यांना पाणी हवं होतं. मी पाणी दिलं, आणि देवघरात परत येऊन रडले. आधी सिलिंडरवाल्यापायी चार दिवस गेले होते, आता घोटभर पाण्यापायी नऊ गेले, असं मला वाटलं. तसं वाटलं, आणि त्यात काही वावगं आहे असं मुळीच वाटलं नाही.

मग मी बंदोबस्त केला. बाहेरच्या दाराला पाटी लावली, "साडेदहा ते बारा जप चालू असतो. कडी वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही." आता पुढचं लिहिताना हात थांबतो, पण लिहायचं ठरवलं आहे तर लिहिते. रोज साडेदहाला बसायच्या आधी मी ह्यांना पाणी पाजायचे, भांडं द्यायचे, पांघरूण सारखं करायचे, आणि उशाची घंटा उचलून फळीवर ठेवायचे. म्हणायचे, अहो, एवढा दीड तासच, चालेल ना? ते म्हणायचे, बरं. दुसरं काही म्हणणं त्यांना शक्यच नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला होकार समजून आत जायचे आणि दार लोटून घ्यायचे.

जप मात्र उत्तम होत होता. पंधराव्या दिवसानंतर तर नाम एका जागी असं रुतून बसायचं की हातापायांची शुद्ध नसायची. डोळ्यांपुढे निरांजनाची ज्योत, ओठांत नाम, बाकी काही नाही. मी मनात म्हणायचे, अण्णांना सांगायला हवं, ध्यान म्हणतात ते हेच.

त्याच सुमाराला ह्यांच्या पाठीला लालसर चट्टे दिसायला लागले. डॉक्टरांनी गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, दगडावर निजवता की काय यांना, आधी कापूस पिंजून घ्या. पिंजारी तेव्हाही फारसे मिळत नसत. एकाला निरोप धाडला होता, तो सोमवारी यायचा होता, आला नाही. मंगळवारीही नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी, माझ्या जपाच्या एकतिसाव्या दिवशी, बरोबर सव्वादहाला कडी वाजली. दारात पन्नाशीचा एक माणूस, खांद्यावर ते माणसाहून लांब पिंजण, दाढीत आणि भुवयांत कापसाचे तंतू. नूरभाई नाव सांगितलं, गंज पेठेत राहतो म्हणाला. मी त्याला पाटी दाखवली. तो म्हणाला, बाई, मला वाचता येत नाही, काय लिहिलंय? मी म्हटलं, आज नको, उद्या लवकर या. तो म्हणाला, उद्या नक्की सांगता येणार नाही, आज कापूस मोकळा करतो, शिवायला मग केव्हाही येईन. मी नाहीच म्हणणार होते. पण आत खाटेवर ह्यांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या पाठीकडे दाखवला. मग मला नाही म्हणवेना.

आमच्या दोन खोल्या तळमजल्यावर होत्या. पुढे पडवी, मग ह्यांची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून चिमुकलं देवघर. नूरभाईने ह्यांना अलगद उचलून धरलं, मी गादी काढली, आणि लोखंडी खाटेवर चार गोधड्या घालून त्यांना निजवलं. गादी घेऊन तो पडवीत गेला, ती उसवून कापसाचा ढीग केला आणि काम सुरू केलं. पिंजणाला कातड्याची ताणलेली दोरी असते, तिला तात म्हणतात. ती कापसात धरायची आणि लाकडी ठोकळ्याने छेडत राहायची. तो घुमणारा आवाज साऱ्या घरात भरला. मी घड्याळ बघितलं, पाच मिनिटं राहिली होती. घंटा उचलून फळीवर ठेवली. मग पडवीत जाऊन त्याच्या ढिगातला चिमूटभर कापूस घेतला, दोन बोळे केले आणि कानांत घातले. नूरभाई माझ्याकडे बघत होता. 

त्या दिवशी जप जसा झाला तसा आधी कधी झाला नव्हता. कान बंद, दार बंद, ज्योत स्थिर. माळेमागून माळ कशी सरली मला कळलं नाही. अडतिसावी माळ संपली आणि देवघराच्या दारावर थाप पडली. कानांत बोळे असले तरी थाप ऐकू आली. एकदा, दोनदा, मग हाक, "बाई." पुन्हा थाप. मला ऐकू आलं होतं. पुढे कित्येक दिवस मी लोकांना सांगत होते की मला ऐकूच आलं नाही, आणि लोक म्हणायचे, साहजिक आहे. पण मला ऐकू आलं होतं. मी मनात म्हटलं, सुई-दोरा मागत असेल, नाहीतर पाणी मागत असेल. दोन माळा उरल्या आहेत. विघ्नं अशी शेवटीच येतात. मी डोळे जास्तच घट्ट मिटले आणि एकोणचाळिसावी माळ धरली. दोन्ही माळा पूर्ण केल्या, नमस्कार केला, संख्या वहीत लिहिली, आणि मगच कानांतले बोळे काढले. घरात पिंजणाचा आवाज नव्हता.

बाहेरच्या खोलीत नूरभाई खाटेवर बसला होता आणि ह्यांना त्याने लहान मुलासारखं छातीशी टेकवून धरलं होतं. ह्यांचे ओठ काळेनिळे, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोघांच्याही अंगावर कापूस. गोधड्या अर्ध्या खाली आल्या होत्या. त्या निसटल्या आणि हे घसरत भिंत आणि खाट यांच्या फटीत गेले होते, मान मुडपून तिथे अडकली होती. जराही आवाज काढता येत नव्हता. डावा हात तेवढा मोकळा राहिला होता, त्याने ते खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाची पेरं आपटत होते. पडवीत पिंजण चालू असताना नूरभाईला ते ऐकू गेलं. तो धावत आला, खाट ओढली, ह्यांना वर घेतलं, पाठ चोळली. श्वास लागला तेव्हा मला हाक मारायला आला. दार नुसतं लोटलेलं होतं, पण त्याने ते उघडलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमच्या देवाच्या खोलीत मी कसा शिरणार, बाई? तुम्ही बसला होता ना."

मी पाणी आणलं, शेजारच्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं, जे करायचं ते सगळं केलं. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, थोडक्यात निभावलं, अजून दोन-चार मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं. माझे हात कामं करत होते आणि मला कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. गादी काढली म्हणून ते घसरले, आणि गादीवाला घरात होता म्हणून वाचले. तो सोमवारी आला असता, किंवा त्याला पाटी वाचता आली असती, तर काय झालं असतं, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधलं. मला ते सुटलं नाही. आता शोधत नाही.

दुपारी ह्यांचा डोळा लागला तेव्हा मी नूरभाईला चहा नेऊन दिला. कामाला येणाऱ्यांसाठी आमच्याकडे वेगळे कप असायचे, हेही सांगून टाकते. त्या दिवशी मी घरातलाच कप नेला. त्याला विचारलं, एवढ्या दणदणाटात तुम्हाला ते ऐकू कसं आलं? त्याला या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाला, "कापूस मोकळा झाला की तातेचा आवाज बदलतो. डोळ्यांनी ते कळत नाही, कानाला कळतं. म्हणून कान उघडा ठेवायचा. आता उघडा ठेवल्यावर जे येईल ते येतंच की. तुमच्या शेजारच्या कुकरची शिट्टी पण आली." मी म्हटलं, मग काम चुकत नाही? तो हसला. "हात करतात ना काम. मी मधे मधे करत नाही." एवढं बोलून तो उरलेल्या ढिगाकडे वळला. अण्णा जे पोस्टकार्डावर लिहून पाठवता येत नाही म्हणाले होते, ते या माणसाने चहा पिता पिता सांगितलं, आणि आपण काही सांगितलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

गुरुवार होता, पण मी अण्णांकडे गेले नाही. बातमी कळून संध्याकाळी तेच आले. ह्यांच्याजवळ थोडा वेळ बसले, मग स्वयंपाकघरात येऊन पाटावर टेकले. त्यांच्यापुढे मला खोटं बोलवेना. दार वाजलं, ऐकू आलं, दोन माळा उरल्या होत्या म्हणून उठले नाही, सगळं सांगितलं. म्हटलं, आता हा जप पुढे चालवायचं माझं तोंड नाही, मला काहीतरी प्रायश्चित्त सांगा. अण्णांनी मग विचारलं, "कशाचं? जप सोडल्याचं, की उठला नाहीत त्याचं?" मी रडत होते, तेच पुढे म्हणाले, "पहिल्याला प्रायश्चित्त लागत नाही. दुसऱ्याचं मी देणारा कोण? ते बाहेर निजलेत त्यांना विचारा." चहा न घेता उठून गेले. त्यांची ही रीत मला एरवी झोंबायची. त्या दिवशी वाटलं, बरं झालं, उगाच पाठीवरून हात फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी नूरभाई सकाळीच आला. थोडा कापूस पिंजायचा राहिला होता, मग भरून शिवायचं होतं. साडेदहा वाजले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्या वेळेला देवघरात नव्हते. स्टूल ओढून खाटेजवळ बसले. ह्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, "काल दार वाजलेलं मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम उठले नाही. आणि रोज तुमची घंटा मी काढून ठेवत होते ती तुम्हाला विचारून नाही, तुम्ही नाही म्हणू शकत नाही म्हणून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा तो एकच शब्द ते म्हणाले. त्याचा अर्थ क्षमा होता की आणखी काही, ते मी लावत बसले नाही. लावायचा अधिकार मला होता असंही वाटलं नाही.

मग करायला काही उरलं नाही. माळ आत होती, ती आणायला जावंसं वाटलं नाही. मी नुसती बसून राहिले. पडवीत पिंजण घुमत होतं. आदल्या दिवशी ज्याच्यासाठी मी कानांत बोळे घातले होते तोच आवाज, पण आता तो मला टोचत नव्हता. खिडकीतून कापूस तरंगत आत येत होता आणि उन्हात दिसत होता. ह्यांचा श्वास चालला होता, जरा घरघर होती त्यात. शेजारी कुणी भांडी घासत होतं. रस्त्यावरून भाजीवाली गेली. आणि या सगळ्यात आत कुठेतरी नाम चाललं होतं. ते मी चालवत नव्हते. मी त्याला धरलं नव्हतं आणि बाकीच्याला ढकललंही नव्हतं. पिंजणाचा आवाज, श्वास, नाम, सगळं एकाच ठिकाणी होतं आणि कुणाचीच कुणाला अडचण नव्हती. प्रकाश दिसला, अंगावर काटा आला, असलं काही झालं नाही. मला फक्त फार शांत वाटलं, आणि किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण मी घड्याळ बघितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा रामाजवळ बसल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याकडे काही मागायचं सुचलं नाही.

तशी बसलेली असतानाच मला ह्यांचे डोळे दिसले. रोज दिसत होते, पण त्या दिवशी दिसले. ते डोळे वर आणि मागे वळवत होते, पुन्हा पुन्हा, डोक्यामागच्या खिडकीकडे. भाजीवाली ओरडली की तिकडे, सायकलची घंटी वाजली की तिकडे. मान वळत नव्हती म्हणून नुसते डोळे. मग थकून पुन्हा समोर. समोर भिंत होती, आणि भिंतीवर मी टांगलेली रामाची तसबीर. दवाखान्यातून आणलं तेव्हा मीच खाट अशी लावून घेतली होती, की डोळे उघडले की देव दिसावा. रोज संध्याकाळी चार माणसांत उभं राहणाऱ्या त्या माणसाला मी दोन महिने रस्त्याकडे पाठ करून निजवलं होतं. आणि त्यांनी हे मला किती वेळा सांगायचा प्रयत्न केला असेल, देव जाणे. मी विचारलं, "तुम्हाला तोंड रस्त्याकडे करून हवंय?"

ह्यांनी डोळे मिटले आणि त्यांना रडू फुटलं. दुखणं आल्यापासून असे रडले नव्हते. आवाज न करता, सगळं अंग हलवून रडले. मीही रडले. मग मी नूरभाईला हाक मारली. तो काम ठेवून आत आला, काय करायचं ते मी सांगितलं, आणि आम्ही दोघांनी खाट हळूहळू फिरवली. खिडकी पूर्ण उघडली. दुपारी गादी भरून शिवून झाली, तिच्यावर टेकवून बसवल्यावर ह्यांना पडवी दिसायला लागली, पडवीपलीकडे रस्ता, समोरचा दवाखाना, कोपऱ्यावरची माणसं. जेवायला भरवताना घास तोंडाशी नेला तरी ह्यांचं लक्ष बाहेर. तसबिरीला आता त्यांची पाठ होती. रामाला चालेल असं मला वाटलं.

तो जप मी पुन्हा सुरू केला नाही. बाहेरच्या दाराची पाटी काढून टाकली. नाम मात्र सुटलं नाही, उलट तेव्हापासून ते माझ्या मागे लागलं. त्यांना पुसताना, कूस बदलताना, भात मऊ करताना चालायचं. पाच महिन्यांनी एका सकाळी खिडकीतून बघता बघता हे म्हणाले, "सायकल." अगदी स्पष्ट. मी स्वयंपाकघरातून आले तर बाहेर खरंच एकजण सायकल टेकवून उभा होता. मग रस्त्यावरचे शब्द एकेक करून घरात यायला लागले. भाजी, रिक्षा, कुत्रा. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना दिसतंय त्याची नावं आधी येतात, चांगलं लक्षण आहे. सगळं बोलणं कधीच परत आलं नाही, पण वर्षभराने समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला नवीन स्कूटर घेतलेली बघून हे म्हणाले, "रोगी वाढले," तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. आमचे हे परत आले होते, जेवढे यायचे तेवढे.

माझ्या भाचीची मुलगी हिंजवडीला नोकरी करते. कंपनीच्या बसमधे कानांत काहीतरी खुपसून रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसते. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "आजी, कॉन्सन्ट्रेशन आणि मेडिटेशन सेमच ना गं?" अण्णा आता नाहीत, आणि त्यांच्यासारखं टाकून बोलणं मला जमत नाही. मी तिला व्याख्या सांगितली नाही, हे एवढं सांगितलं. एकाग्रतेला मी नावं ठेवत नाही, तिच्याशिवाय गणित येत नाही. पण मी तिच्या जोरावर देवाला गाठायला निघाले होते, आणि वाटेत जो आडवा येईल त्याला बाजूला सारत होते. मग तो देवच पिंजण घेऊन दारात आला तरी त्याला उद्या या म्हणाले, आणि त्याने दार वाजवलं तरी उठले नाही. त्याने रागावून परत जायला हवं होतं. तो पडवीत बसून राहिला, ही त्याची दया.

हे त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटी एका दुपारी, चहा टाकायची वेळ होत आली होती, मी त्यांच्याजवळ बसले होते. समोरून शाळा सुटलेल्या मुली चालल्या होत्या, त्यांचा गलका खिडकीतून येत होता. नाम चाललं होतं. त्या गलक्यात मला ह्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि एका श्वासानंतर दुसरा आला नाही, तेही ऐकू आलं. मी लगेच उठले नाही, कुणाला हाक मारली नाही. शेवटची मुलगी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांचा हात धरून बसले. रामाकडे मी बोलणं मागितलं होतं, त्याने मला ऐकणं दिलं. त्या घटकेला मी तिथे होते, याहून जास्त काही मला हवं होतं असं आता आठवत नाही.